फेरा आणि बेरीज

काळाला स्वतःचा आकडा नसतो. दिवस उगवतो आणि मावळतो, चंद्र वाढतो आणि झिजतो, मृग लागतो, मग हस्त येतो. परंतु हे कितवे वर्ष, असे त्यांपैकी कोणीही सांगत नाही. ‘कितवे’ हा प्रश्न माणसाचा आहे आणि तो माणसालाही सहजासहजी पडत नाही. शेतकऱ्याला पेरणीसाठी नक्षत्र पुरते, भाविकाला उपवासासाठी तिथी पुरते. सालाचा आकडा लागतो तो मुख्यतः देण्याघेण्याच्या व्यवहाराला. ज्याला कोणाकडून काही घ्यावयाचे आहे किंवा कोणाला काही द्यावयाचे आहे, त्याला गेल्या वर्षाहून हे वर्ष वेगळे काढून दाखवावे लागते. म्हणून कालगणनांचा इतिहास चाळू लागले की देवळाच्या शेजारी कचेरी दिसू लागते, आणि राजाच्या सिंहासनामागे कोठेतरी कारकुनाची बैठक मांडलेली आढळते.

ह्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो मला नैतिक प्रश्न वाटतो. साल जर वसुलीसाठी मोजले गेले असेल, तर ते साल कोणाचे? घेणाऱ्याचे की देणाऱ्याचे? साल काय कोणाच्या मालकीचे असते, असे कोणी म्हणेल. पण आपल्या आयुष्याचा हिशेब आपण दुसऱ्याच्या वहीतल्या आकड्यांनी मांडत असतो, ही गोष्ट तितकीशी निरुपद्रवी नाही. वही त्याची आहे. त्याने ती मिटली की आपले काय?

ह्या बाबतीत रोमन साम्राज्याचे उदाहरण बोलके आहे. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस डायोक्लेशन ह्या सम्राटाने करांची नवी घडी बसविली. यंदा कोणत्या प्रांतातून किती धान्य, किती कापड, किती जनावरे घ्यावयाची, ह्याचा आकडा दरसाल जाहीर होत असे. त्या जाहीरनाम्याला ‘इंडिक्शिओ’ म्हणत. पुढे कॉन्स्टंटाइनच्या कारकिर्दीत हे जाहीरनामे पंधरा-पंधरा वर्षांच्या फेऱ्यांत बसविण्यात आले आणि इ. स. ३१२च्या १ सप्टेंबरपासून फेऱ्यांची मोजणी धरली जाऊ लागली. हळूहळू कराच्या जाहीरनाम्याचे नाव वर्षालाच चिकटले. अमुक घटना ‘चौथ्या इंडिक्शनात’ घडली असे लोक लिहू लागले. मुलगा कधी जन्मला, जमीन कधी विकली, कर्ज कधी काढले, सगळ्याला तोच आकडा. सम्राट जस्टिनियन ह्याने ५३७ साली हुकूम काढला की, प्रत्येक दस्तऐवजावर सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष, कॉन्सलचे नाव आणि इंडिक्शनचा आकडा, ही तिन्ही असलीच पाहिजेत. ह्या तिघांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. पाचच वर्षांच्या आत कॉन्सलांची वार्षिक परंपरा संपली. सम्राट आले आणि गेले. कराच्या फेऱ्याचा आकडा मात्र १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंत चालत राहिला, आणि पूर्वेकडील ख्रिस्ती संप्रदायाचे धार्मिक वर्ष आजही १ सप्टेंबरलाच सुरू होते.

ह्या गणनेत एक विलक्षण उणीव होती. वर्षांना एक ते पंधरा असे क्रमांक होते, पण फेऱ्यांना क्रमांक नव्हता. पंधरावे साल संपले की पुन्हा पहिले. हे कितवे पहिले, ते कोणी लिहीत नसे. मिसरच्या वाळूत त्या काळच्या पावत्या आणि करारपत्रे मोठ्या संख्येने सापडली आहेत. त्यांतील पुष्कळांवर नुसता इंडिक्शनचा आकडा आहे. अशी पावती हाती आली की संशोधक हताश होतो. ‘सातवे साल’ असे स्पष्ट लिहिलेले असते. परंतु हे सातवे आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी येणारे सातवे ह्यांत फरक करायला कागदावर काहीच नसते. आपल्याकडचा दाखला घ्यावयाचा तर, मुंबईतील गिरणी कामगारांचा मोठा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. रोमन कारकुनाने त्याची नोंद ‘पाचव्या सालातील संप’ अशी केली असती. आणि जानेवारी १९६७ काय किंवा जानेवारी १९९७ काय, त्यांनाही त्याने पाचवे सालच म्हटले असते.

ही चूक नव्हे. वसुली करणाऱ्याला एवढेच कळले की पुरते. चालू हप्ता आला की नाही, मागील बाकी राहिली की नाही, ह्यापलीकडे त्याची जिज्ञासा जात नाही. ह्या शेतकऱ्याने आयुष्यभरात एकंदर किती दिले, त्याच्या बापाने किती दिले, हा प्रश्न वसुलीच्या वहीत उद्भवतच नाही. घेणाऱ्याला फेरा पुरतो. बेरीज लागते ती देणाऱ्याला. कारण आयुष्य फिरून पहिल्यापासून सुरू होत नाही.

फेरा आपल्यालाही परका नाही. प्रभव, विभव पासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांची माळ आपल्या पंचांगात आहे, आणि नुसते संवत्सराचे नाव दिले तर तेथेही साठ वर्षांचा घोटाळा होतो. म्हणून जाणते लिहिणारे शक आणि संवत्सर दोन्ही लिहीत. परंतु साठ वर्षांच्या फेऱ्याला निदान माणसाच्या आयुष्याचे माप आहे. ज्या संवत्सरात आपण जन्मलो ते पुन्हा पाहावयास मिळाले की घरात शांत करतात, माणूस साठीचा झाला म्हणून त्याचा सन्मान करतात. पंधरा वर्षांच्या फेऱ्याचा कोणी सोहळा केल्याचे ऐकिवात नाही. तो दप्तराच्या मापाचा आहे. गंमत अशी की ह्या दप्तरी मापाला पुढे आकाशात जागा मिळाली. १५८३ साली स्कॅलिजर ह्या पंडिताने सर्व कालगणना एका सूत्रात ओवण्यासाठी सूर्याचे २८ वर्षांचे चक्र, चंद्राचे १९ वर्षांचे चक्र आणि रोमन करांचे १५ वर्षांचे चक्र ह्यांचा गुणाकार करून ७९८० वर्षांचे महाचक्र काढले. त्या चक्राच्या आरंभापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ४७१३पासून, मोजलेली दिवसांची संख्या ज्योतिर्विद आजही वापरतात. त्या आरंभबिंदूच्या निवडीत सूर्य आहे, चंद्र आहे आणि एका मेलेल्या साम्राज्याचा तहसीलदारही आहे. पंधरा हा आकडा कोणत्याही ग्रहाने दिलेला नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मराठेशाहीची जुनी पत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ‘इहिदे सितैन मया व अलफ’ अशी अक्षरे ओळखीची असतील. हे अरबी संख्याशब्द: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. पानिपतचा संहार ज्या सालात झाला ते हे साल. ह्या गणनेला शुहूर सन किंवा अरबी सन म्हणत. त्याचेच गावरान नाव मृगसाल, कारण सूर्य मृग नक्षत्रात शिरला की ते पालटे. त्याच्या आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन मिळतो. अरबी नाव, अरबी आकडे आणि आरंभ मात्र आपल्या पेरणीचा, हा मेळ बसला कसा? आकडा हिजरी सनाचा घेतला, ७४५ चा म्हणजे इ. स. १३४४ चा, आणि तेथून पुढे त्याला चंद्राऐवजी सूर्याच्या मागे लावून दिले. पुढे १६३६ पासून शहाजहानच्या अमलात दख्खनेत आलेला फसली सन हा त्याचाच भाऊ. फसल म्हणजे पीक, आणि पिकाचे साल ते फसली.

असे करण्याचे कारण साध्या गणिताचे आहे. हिजरी वर्ष चांद्र; ते सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे ३२ सौर वर्षांत सुमारे ३३ चांद्र वर्षे बसतात. सारा जर चांद्र वर्षाने वसूल केला तर बत्तीस पिकांवर तेहेतीस सारे भरावे लागतील. रानात पीक उभे नसताना पाटील दारात उभा राहील. म्हणजे नुसते पंचांग बदलून, दरात एका दाण्याचीही वाढ न करता, माणसाला लुबाडता येते. आणि नुसते पंचांग सुधारून त्याला न्यायही देता येतो. शुहूर आणि फसली सनांच्या मुळाशी सरकारची सोय होतीच, कारण पीक नसताना मागितलेला सारा हातीही लागत नाही. पण त्या सोयीत रयतेचा न्यायही सामावला होता. घेणाऱ्याने आपले साल देणाऱ्याच्या नांगराला जुळवून घेतले, असे इतिहासात थोडेच वेळा घडते.

उलट दाखलाही आहे. इंग्लंडने १७५२ साली पंचांग सुधारताना अकरा दिवस गाळले. खजिना मात्र अकरा दिवसांच्या उत्पन्नाला मुकावयास तयार झाला नाही. त्याने आपले वर्ष पुरे ३६५ दिवसांचेच धरले, आणि पूर्वी २५ मार्चला सुरू होणारे वर्ष एप्रिलात सरकले. त्या देशाचे व्यक्तिगत कराचे वर्ष अजूनही ६ एप्रिललाच सुरू होते. आपल्याकडे १८६७ पासून १ एप्रिल आला. त्यामागे आपला कोणताही सण नाही, कोणतेही पीक नाही.

शिवाजीमहाराजांनी शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेक करवून घेतला तेव्हा स्वतःचा शकही सुरू केला. स्वतंत्र राजाने काळावरही आपली मुद्रा उठवावी, ही त्यामागची भावना मोठी होती. राज्याभिषेक शक पत्रांच्या माथ्यावर अभिमानाने मिरविला. पण हिशेबाच्या कागदांवर शुहूर सनही चालूच राहिला, पेशवाई अखेरपर्यंत. हे वाचून काहींना खंत वाटते. मला तशी वाटत नाही. राजाचा शक राजाची गोष्ट सांगतो. मृगसाल गावाला कळते. ज्या राज्यात दोन्ही एकाच कागदावर शेजारी बसतात, तेथे निदान राजाला आपले अन्न कोठून येते ह्याचा विसर पडलेला नसतो. लुंबिनीच्या अशोकस्तंभावर असाच एक दुर्मिळ योग आहे. अभिषेकानंतर विसाव्या वर्षी राजा स्वतः तेथे आला, बुद्ध येथे जन्मला म्हणून त्याने पूजा केली, गावाला ‘बलि’ हा कर माफ केला आणि पिकाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला, असे त्या लेखात कोरले आहे. वर्षाचा आकडा आणि कराची माफी एकाच दगडावर. घेतलेल्याची नोंद सर्वत्र असते. सोडल्याची नोंद इतकी जपलेली विरळा.

इंग्रजी अमलात आपल्या मुलखाला तीस वर्षांचा फेरा मिळाला. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी नव्या मोजणीने धारा ठरविला, तो तीस वर्षांसाठी. तीस वर्षे दर न वाढण्याची हमी ही त्या काळी मोठी सुधारणा होती. रयत त्यामुळे थोडी उभी राहिली हेही खरे. परंतु फेरा संपून फेरजमाबंदी झाली तेव्हा बाजारात अमेरिकन यादवीमुळे आलेल्या कापसाच्या तेजीचे वारे होते. धारा त्या वाऱ्यावर वाढला, तेजी ओसरली, वाढलेला धारा राहिला. त्यामागून सावकार आला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी तेच घडू लागले. त्या दंग्यांची विशेष गोष्ट अशी की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे घरांतून बाहेर काढून त्यांनी त्यांची होळी केली. आपल्या आयुष्याची बेरीज दुसऱ्याच्या वहीत, दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेली आहे आणि आपल्याला ती वाचताही येत नाही, हे ज्याला उमगले त्याला ती वही जाळण्यावाचून दुसरे काय सुचणार?

ह्या होळीशेजारी मला डिलाईल रोडवरच्या घराघरांतील पत्र्याची ट्रंक ठेवून पाहावीशी वाटते. घाटावरून आणि कोकणातून माणसे गिरणगावात आली. अपोलो, मथुरादास अशा गिरण्या ह्याच रस्त्यावर होत्या. येथल्या बी. डी. डी. चाळींची हकीकतही करापासूनच सुरू होते. १९२० साली बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि कामगारांच्या घरांचा भार सोसण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. २०७ चाळींवर तो थांबला, त्यांपैकी ३२ येथे, डिलाईल रोडला. रस्त्याला पुढे ना. म. जोशी ह्यांचे नाव मिळाले, आणि १९२० मध्ये आयटकची उभारणी करणाऱ्या ह्या माणसाहून योग्य नाव दुसरे नव्हते. तरी लोकांच्या तोंडी डिलाईल रोडच राहिला.

ह्या वस्तीची स्वतःची कालगणना आहे. प्लेगचे साल, मानमोडीचे साल, गोदीतला स्फोट, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ आणि मग संप. ‘थोरलीचे लग्न संपाच्या आदल्या वर्षी,’ ‘धाकटा संपानंतरचा’ असे सांगितले की ऐकणाऱ्याला सगळे कळते. ही गणना वसुलीची नव्हे, सोसण्याची आहे. तिच्यात फेरा नाही, कारण सोसलेले पुन्हा पहिल्या क्रमांकाने सुरू होत नाही; एकावर एक चढत जाते.

गिरणीचा हिशेब मात्र फेऱ्याचाच होता. पाळीमागून पाळी, पगारामागून पगार. त्यातही बदली कामगाराचे पाहा. रोज सकाळी दारावर जाऊन उभे राहावयाचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. त्याचा प्रत्येक दिवस पहिलाच दिवस. अशी वर्षे गेली तरी बेरीज होत नसे. म्हणूनच कायद्याने बेरीज करावयास लावली ही घटना मला आपल्या काळातील एक नैतिक घटना वाटते. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याने पगारातून कापलेला पैसा कामगाराच्या नावावर साचू लागला. १९७२ च्या उपदान कायद्याने सांगितले की, पाच वर्षे सलग नोकरी झालेल्याला पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळाला पाहिजे, आणि २४० दिवस काम भरले की ते वर्ष सलग धरावे. पंधराचा आकडा येथे पुन्हा भेटतो, पण उलट्या दिशेने. रोमन पंधरा मागचे पुसून टाकीत होते. हे पंधरा मागचे मोजून द्यावयास लावतात.

मग संप झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकेक करून मिटल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. गिरणीच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे ठरले तेव्हा सरकारने एक रेघ ओढली: १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो पटावर होता तो पात्र. आणि पुरावा मागितला. हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, फंडाचा नंबर, विम्याचे कार्ड. ज्या घरात ट्रंकेच्या तळाशी तो पिवळा कागद टिकला, त्या घराच्या आयुष्याला तारीख मिळाली. ज्याचा कागद पावसात, वाळवीत किंवा गावाला जाण्यायेण्यात गेला, त्याची पंचवीस वर्षे सगळ्या चाळीला माहीत असूनही कचेरीला माहीत नाहीत. झोपडीत राहणाऱ्यांसाठीही अशीच एक तारीख आली, १ जानेवारी १९९५. मग ती सरकून १ जानेवारी २००० झाली. मुंबईत माणूस कधी आला हे त्याच्या आठवणीवर ठरत नाही.

सुप्याच्या माणसाने कागद जाळला, डिलाईल रोडच्या माणसाने तो जपला. दोघांपैकी बरोबर कोण? मला वाटते, दोघेही. एकाच्या कागदावर त्याचे देणे लिहिले होते, दुसऱ्याच्या कागदावर त्याचे येणे. पण दोघांच्याही बाबतीत लिहिणारा हात दुसऱ्याचा होता, आणि खरा अन्याय तेथे आहे.

मोजणे हेच मुळी अपमानास्पद आहे, असे मानणारा एक पक्ष आहे. माणूस म्हणजे तिकिटाचा नंबर नव्हे, असे तो म्हणतो. विचार उदात्त आहे, पण ज्याची मोजदाद कधी चुकली नाही त्यालाच तो परवडतो. मिसरच्या त्या शेतकऱ्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते त्याने कर भरल्याची पावती उरली म्हणून. सम्राटाने त्याचा उल्लेख आणखी कोठेही केला नसता. ज्याची नोंदच नाही त्याच्यावर अन्याय झाला हेही सिद्ध करता येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, नोंद असली की झाले. तेही पुरे नाही. पावतीवर सातवे साल लिहिलेले असते आणि तरीही तो माणूस काळात कोठे होता हे हरवते.

मोजणाऱ्यावर मोजण्यामुळेच एक ऋण चढते, असे मला म्हणावयाचे आहे. ज्याने माझ्याकडून घेण्यासाठी माझे वर्ष मोजले, त्याने माझी सर्व वर्षे लक्षात ठेवली पाहिजेत. घेताना वही त्याची आणि सिद्ध करताना ट्रंक माझी, ही वाटणी न्यायाची नव्हे. ज्या गिरण्यांनी रोज हजेरी घेतली, ज्या खात्यांनी दरमहा वर्गणी कापली, त्यांच्याकडे ती बेरीज असावयास हवी होती. ती म्हाताऱ्या माणसाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊन कचेरीच्या रांगेत उभे राहण्याची गोष्ट नव्हती. विसरण्याचा अधिकार देणाऱ्याला असू शकतो. घेणाऱ्याला तो नाही.

दिवाळीत व्यापारी जुनी वही मिटून नव्या वहीची पूजा करतो. पण मिटण्यापूर्वी तो बाकी पुढे ओढतो, आणि ती ओढली नाही तर नवी वही अशुभ ठरते. दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदा. ‘बलि’ हे कराचेही नाव आणि बळी हे राजाचेही, अशा राजाचे की ज्याने घेणे विसरून देणे पत्करले. त्याचे राज्य यावे असे आपण दरवर्षी म्हणतो. डिलाईल रोडवरच्या जुन्या चाळी आता पाडून नव्या उंच इमारती उभ्या करण्याचे काम चालू आहे. तेथे नवा फेरा पहिल्या क्रमांकाने सुरू होईल. बाकी पुढे ओढली गेली आहे की नाही, एवढे तेवढे कोणीतरी वही मिटण्याआधी पाहिले पाहिजे.